अंगण किती मिल वाकडं?

अमेरिकेत साउथ डकोटा, वायोमिंग, मोन्टाना या राज्यांतल्या गवताळ माळांवर प्रेअरी डॉग नावाचा प्राणी राहतो. कुळानं खार, वजनानं किलोभर आणि व्यवसायानं बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओरडून बातम्या देणारा. गुरं पाळणाऱ्यांच्या मते तो गवत फस्त करतो आणि जमिनीची चाळण करतो. म्हणून त्याची गणना ‘व्हार्मिंट’मध्ये, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होते, आणि उन्हाळा लागला की त्याला टिपायला हौशी नेमबाज लांबलांबून येतात. बरोबर घडीचं टेबल, रायफल टेकवायला वाळूच्या पिशव्या, एकीची नळी तापली तर दुसरी असावी म्हणून दोन-तीन रायफली आणि डोक्यावर धरायला छत्री. एवढ्या लवाजम्यात वादाचा विषय मात्र रायफल नसते, गोळी नसते आणि प्रेअरी डॉग तर नसतोच. तो असतो रेटिकल. रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावल्यावर जी फुली दिसते, तिला रेटिकल म्हणतात. बारीक फुली, जाड फुली, कडेला जाड नि मध्ये बारीक फुली, मध्ये ठिपका असलेली, ठिपक्याच्या जागी काहीच नसलेली, खाली पायऱ्या उतरत गेलेली, आणि पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी फांद्या फुटून ख्रिसमसचं झाड झालेली. या वंशावळीतून एक निवडताना भल्याभल्यांची झोप उडते. प्रस्तुत लेखकाचा नेम कचऱ्याच्या टोपलीतही लागत नाही, त्यामुळे या वादात त्याचा कुठलाच हितसंबंध गुंतलेला नाही. म्हणूनच त्याला एक गोष्ट स्वच्छ दिसते. रेटिकल निवडताना माणूस नेम लागण्याचा विचार करतो असं फक्त त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो नेम चुकल्यावर काय बोलायचं याची तजवीज करत असतो.

हे विधान आगाऊ वाटेल, म्हणून पुरावे क्रमानं मांडतो. पहिला पुरावा रेघेच्या जाडीचा. दुर्बिणीच्या जगात सगळं कोनात मोजतात. वर्तुळाचे 360 अंश, अंशाची 60 मिनिटं. असं एक मिनिट 100 यार्डांवर 1.047 इंच भरतं, म्हणजे बोलाचालीत इंचभर. समजा फुलीची रेघ अर्ध्या मिनिटाची आहे. 100 यार्डांवर ती अर्धा इंच झाकेल, 400 यार्डांवर दोन इंच. समोरून पाहिलं तर प्रेअरी डॉगची रुंदी साधारण तीन-चार इंच. म्हणजे अर्धा प्रेअरी डॉग नेम धरण्याच्या साधनामागेच लपला. बरं, रेघ एक अष्टमांश मिनिटाची घेतली तर ती जेमतेम अर्धा इंच झाकते, पण वाळलेल्या गवतावर आणि बिळाच्या मातीवर तीच दिसेनाशी होते. दुकानात या प्रश्नावर होणारा संवाद थोड्याफार फरकानं असा असतो. “किती लांबून मारणार?” “तीनशे यार्ड. कधी चारशे. जमलं तर पाचशे.” “मग बारीक रेघ घ्या.” “दिसेल ना?” “आकाशाकडे धरलीत तर दिसेल.” “आणि बिळाकडे धरली तर?” “बिळाकडे धरायची असेल तर जाड घ्या.” “मग प्रेअरी डॉग दिसेल ना?” “तुम्हाला दोन्ही एकदम बघायचंय का?” गिऱ्हाईक विचारात पडतं. त्याला दोन्ही एकदम बघायचं असतं, पण ही मागणी इतकी अवास्तव असेल याची त्याला कल्पना नसते. तरीही तो दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही. बारीक रेघ घेतली तर ‘रेघच दिसली नाही’ आणि जाड घेतली तर ‘जनावरच दिसलं नाही’, अशी दोन्हीकडे भक्कम सबब मिळते, आणि दोन्ही सबबी शंभर टक्के खऱ्या असतात.

दुसरा पुरावा इतिहासाचा. यॉर्कशायरमधला विल्यम गॅस्कॉइन हा तरुण खगोलप्रेमी 1640च्या आसपास दुर्बिणीशी खटपट करत असताना एका कोळ्यानं तिच्या आत धागा ताणला, आणि तो धागा ताऱ्याबरोबर अगदी स्पष्ट दिसला, अशी हकीकत आहे. दुर्बिणीतल्या फुलीचं बारसं ते असं. पुढे 1785 मध्ये फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउसनं आपल्या दुर्बिणीत कोळ्याचाच धागा बसवला, आणि दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातल्या नॅन सॉन्गर या बाई कोळी पाळून, त्यांचे धागे काढून ते उपकरणांच्या फुल्यांसाठी सरकारला पुरवत होत्या. त्या कोळ्यांत जहाल विषाची ब्लॅक विडोही होती. या सगळ्या काळात रेटिकलला एक नैसर्गिक शिस्त होती, कारण कोळी धागा देतो, आकडे विणून देत नाही. एक आडवा, एक उभा, विषय संपला. मग 1962 मध्ये ल्युपोल्ड कंपनीनं ‘ड्युप्लेक्स’ आणलं: कडेला जाड, मध्यावर बारीक. जाड भाग डोळ्याला मध्याकडे नेतो, बारीक भाग जनावर झाकत नाही. आधीच्या परिच्छेदातलं भांडण इथे बऱ्याच अंशी मिटलं होतं. माणसाला खरोखर नेमच हवा असता, तर तो तिथे थांबला असता. पण काचेवर हव्या तेवढ्या रेघा कोरता येऊ लागल्या आणि कोळ्यानं तीनशे वर्षं घातलेला लगाम सुटला. भांडण मिटल्यानंतर रेघा वाढल्या, यावरून त्या भांडण मिटवायला आलेल्या नव्हत्या, एवढं तरी मान्य व्हायला हवं.

तिसरा पुरावा मिल-डॉटचा. 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मरीन कोअरच्या स्नायपरांसाठी फुलीवर समान अंतरानं ठिपके आले. एक मिल म्हणजे एका रेडियनचा हजारावा भाग. 100 यार्डांवर 3.6 इंच. या ठिपक्यांवरून अंतर काढता येतं. लक्ष्याची उंची इंचांत घ्या, 27.78 नं गुणा, ते जेवढे मिल भरतं त्यानं भागा; उत्तर यार्डांत. युद्धभूमीवर हे ठीक आहे, कारण सैनिकाची उंची साधारण ठाऊक असते. प्रेअरी डॉगच्या बाबतीत मात्र गणिताची सुरुवातच अडते. तो फूटभर उंच धरला आणि एक मिल भरला, तर तो 333 यार्डांवर आहे. पण तो घरातला धाकटा असून नऊच इंचांचा असला, तर 250 यार्डांवर आहे. 83 यार्डांचा हा फरक गोळी त्याच्या डोक्यावरून जायला पुरेसा आहे. शिवाय तो चरायला वाकला की त्याची उंची बदलते, म्हणजे सूत्राप्रमाणे तो जागच्या जागी शेकडो यार्ड लांब जातो. त्याला अचूक टिपायचं तर आधी जाऊन त्याची उंची घेतली पाहिजे, आणि तेवढ्या जवळ जाता आलं तर रायफलीचं कामच उरत नाही. अशा साधनाला नेमाचं साधन म्हणणं हा त्याचा गौरव झाला. सबबीचं साधन म्हणून मात्र ते अव्वल आहे. ‘अंतर चुकलं’ असं म्हणणारा नवशिका ठरतो. ‘मी बारा इंचाचा धरला, निघाला नऊचा’ असं म्हणणारा जाणकार ठरतो. दोघांच्याही गोळ्या मातीतच गेलेल्या असतात.

आणि ही कथा इथे संपत नाही. अनेक वर्षं सर्रास अशा दुर्बिणी विकल्या गेल्या, ज्यांच्या आतल्या खुणा मिलमध्ये आणि बाहेरच्या फिरवायच्या चकत्या मिनिटांत. चूक मोजायची एका मापात, दुरुस्त करायची दुसऱ्यात. एका मिलची 3.44 मिनिटं होतात आणि चकतीची एक टकटक पाव मिनिटाची. त्यामुळे दीड मिल खाली गेलेली गोळी वर आणायची तर दीड गुणिले 3.44 गुणिले चार, असा हिशेब उन्हात, एक डोळा मिटून, जनावर बिळात जायच्या आत करायचा. ज्या प्रौढ माणसानं शाळेनंतर दशांश अपूर्णांकाला हात लावलेला नाही, त्यानं तो स्वखुशीनं, पैसे मोजून अंगावर घ्यावा, यामागे काहीतरी गाढ कारण असलं पाहिजे. ते असं की गुणाकार करणारा माणूस चुकला तरी विद्वान दिसतो. “काय झालं?” “एकवीस टकटक द्यायला हव्या होत्या, वीस दिल्या.” एका टकटकीनं तीनशे यार्डांवर गोळी पाऊण इंच सरकते आणि ती प्रत्यक्षात दीड फूट बाजूला गेलेली असते, हे बोलून दाखवण्याचा उद्धटपणा कोणी करत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल की तुम्ही जुन्या काळात अडकलात. आता लेझरनं अंतर क्षणात कळतं, आणि प्रत्येक अंतरासाठी वेगळी खूण असलेलं रेटिकल मिळतं: वरची खूण दोनशेची, तिच्याखालची तीनशेची, मग चारशेची. गोळी जितकी खाली येणार तितकी खूण खाली. डोकं चालवायचं कामच नाही. आक्षेप रास्त आहे, फक्त त्या खुणा काढणाऱ्यानं एक विशिष्ट गोळी, तिचा विशिष्ट वेग आणि विशिष्ट हवा गृहीत धरलेली असते. वायोमिंगची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून 6,700 फूट. तिथली हवा विरळ, गोळी कमी अडते, कमी खाली येते. म्हणजे पाचशेची खूण तिथे पाचशेची राहत नाही. दुसरी गोम झूमची. रेटिकल दुर्बिणीच्या पहिल्या प्रतलात असेल तर ते झूमबरोबर लहानमोठं होतं आणि खुणांचं माप कायम खरं राहतं. पण झूम कमी केला की सगळ्या खुणा आकसून मध्यभागी जमतात आणि त्यातली तीनशेची कोणती हे भिंगानं बघावं लागतं, म्हणजे दुर्बिणीत पाहायला आणखी एक दुर्बीण. दुसऱ्या प्रतलात असेल तर खुणा डोळ्याला छान दिसतात, पण खऱ्या ठरतात एकाच झूमवर, बहुधा सर्वांत मोठ्या. झूम निम्मा केला की प्रत्येक खुणेचं माप दुप्पट होतं. बरं, सर्वांत मोठा झूम लावावा, तर दुपारच्या उन्हात जमिनीवरून उठणाऱ्या झळा तितक्याच मोठ्या होतात. फुली दगडासारखी स्थिर आणि प्रेअरी डॉग तिच्यामागे नाचतोय, असं चित्र दिसतं. अशा वेळी ‘डोकं चालवायचं कामच नाही’ याचा अर्थ एवढाच उरतो की डोक्याला पडणारं काम आता रेटिकलवर ढकलता येतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाणकार म्हणतात, “खरा शत्रू अंतर नाही, वारा. म्हणून तर फांद्यांचं झाड हवं.” हे अगदी खरं आहे. .223 रेमिंग्टन काडतुसाची 55 ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात तीनशे यार्डांवर जवळपास फूटभर बाजूला जाते. एका ओळीत खेटून उभे केलेले तीन प्रेअरी डॉग ओलांडावेत एवढं ते अंतर. तेव्हा बाजूला किती धरायचं हे दाखवणाऱ्या खुणा असाव्यात, हे ओघानंच आलं. फक्त एक बारीकशी अडचण आहे. दहा मैलांच्या वाऱ्याला किती धरायचं हे झाड सांगतं. वारा दहा मैलांचा आहे की सातचा, हे सांगत नाही. तीन मैलांचा अंदाज चुकला की गोळी तीन-साडेतीन इंच सरकली, म्हणजे अख्खा प्राणी सुटला. आणि वारा रायफलीपाशी एक, मधल्या ओहोळात दुसरा आणि बिळापाशी तिसराच. आता शेजारी दुसरी दुर्बीण लावून बसलेल्या मित्राशी होणारं बोलणं ऐका. साध्या फुलीवाला चुकतो. “लागली?” “नाही.” “कुठे गेली?” “डावीकडे.” “बरं.” संपलं. माणूस उघडा पडला. झाडवाला चुकतो. “लागली?” “दीड मिल डावीकडे, पाव मिल खाली.” “मग मी बरोबरच धरलं होतं! वारा फिरला.” “फिरला खरा.” “नाहीतर लागलीच होती.” “लागलीच होती म्हणा ना.” थोड्या वेळात दोघं मिळून त्या गोळीला लागलेल्यांच्या यादीत घालतात. नाचता येईना अंगण वाकडं, ही सबब आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. पण आपल्या पूर्वजांना अंगण नुसतंच वाकडं म्हणून थांबावं लागे. फांद्यांच्या झाडामुळे ते नेमकं किती मिल वाकडं होतं, हे दशांशात सांगता येऊ लागलं.

तिसरा आक्षेप घेणारा माणूस तिन्हींत सर्वांत प्रामाणिक. तो म्हणतो, “चेष्टा पुरे. गोळी जिथे पडते तिथे धूळ उडते. ती धूळ झाडाच्या कुठल्या फांदीवर दिसली ते बघायचं आणि पुढची गोळी तेवढीच उलट धरायची. दुसऱ्या गोळीला लागते.” हे नाकारण्यात अर्थ नाही. सरावलेल्या हातात ही पद्धत खरोखर चालते, आणि मापाची भाषा दोन्हीकडे एक असेल, मिलला मिल किंवा मिनिटाला मिनिट, तर उत्तम चालते. पण या युक्तिवादाकडे नीट पाहा. रेटिकलचा सर्वांत भक्कम उपयोग कोणता निघाला? पहिली गोळी किती चुकली हे मोजणं. म्हणजे ज्याला आपण नेम धरायचं साधन समजत होतो, ते त्याच्या कट्टर समर्थकाच्या तोंडूनच चुकीची मोजपट्टी ठरलं. फरक वापरणाऱ्यात आहे. शंभरातला एखादा त्या मोजपट्टीनं पुढची गोळी सुधारतो आणि बाकीचे मागच्या गोळीचा खुलासा करतात. दुकान अर्थातच बाकीच्यांवर चालतं.

याउपर कोणी शंका काढली की माणूस सबबीसाठी इतके पैसे मोजेल का, तर त्यानं प्रकाशित रेटिकलकडे बघावं. त्यात बटणाच्या आकाराची बॅटरी घालून मधला ठिपका लाल किंवा हिरवा पेटवता येतो. संधिप्रकाशात कोयोटी या लांडग्याच्या कुळातल्या जनावराच्या मागे असलेल्याला त्याचा उपयोग आहे. पण प्रेअरी डॉग हा दिवसा वावरणारा प्राणी; अंधार पडायला लागला की तो बिळात जातो. तरीही खास त्याच्यासाठी घेतलेल्या दुर्बिणीत हा दिवा हौसेनं घेतला जातो, आणि भर दुपारी ‘बॅटरी संपली होती’ हे वाक्य यादीत जमा होतं. पलीकडे बिळावर उभ्या असलेल्याची अवस्था याच्या उलट आहे. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचे कॉन स्लोबोडचिकॉफ यांनी गनिसन जातीच्या प्रेअरी डॉगच्या धोक्याच्या हाका वर्षानुवर्षं अभ्यासल्या. निळा, पिवळा असे वेगवेगळे शर्ट घातलेली माणसं वस्तीतून फिरवली तर हाका बदलतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे टेबलाशी बसलेला माणूस उजव्या फांदीची दुसरी खूण घ्यावी की तिसरी, या विवंचनेत असताना समोरच्यानं कुठल्याही उपकरणाशिवाय त्याच्या शर्टाच्या रंगासकट बातमी गावभर पोचवलेली असते. आणि पराभवाचा प्रांजळ कबुलीजबाब हवा असेल तर तो 1804चा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेनं सप्टेंबरमध्ये आजच्या नेब्रास्कात हा प्राणी पाहिला आणि एक जिवंत पकडायला बिळात पिंपंच्या पिंपं पाणी ओतत दिवसाचा मोठा भाग घालवला. हाती लागला एक. त्यांच्याकडे रेटिकल नव्हतं, म्हणून वारा फिरल्याचं त्यांना लिहिता आलं नाही. पाणी किती लागलं तेच लिहावं लागलं.

तेव्हा सल्ला विचाराल तर सोपा आहे. मध्यभागी बारीक, कडेला जाड अशी फुली घ्या, फार तर खाली चार खुणा असू द्या, आतलं आणि बाहेरचं माप एकच ठेवा आणि वाचलेल्या पैशांच्या गोळ्या घेऊन वारा वाचायला शिका. हा सल्ला नेमबाजीतल्या कोणत्याही जुन्या माणसाला पटेल, आणि माझा मूळ मुद्दा मात्र इथेच पणाला लागतो. कोणी म्हणेल, मग साधी फुली घेणारे लोक आहेतच की. ते कुठल्या सबबीसाठी घेतात? त्यांना विचारून पाहावं. गोळी डावीकडे गेली की साध्या फुलीवाला रायफल टेबलावर ठेवतो, शेजाऱ्याच्या फांद्यांच्या झाडाकडे एकवार बघतो आणि म्हणतो, “आपल्याकडे ते असतं ना, तर ही गेली नसती.” या सबबीला उत्तर नाही. झाडवाल्याला निदान वाऱ्याचा हवाला द्यावा लागतो, आणि वारा दुसऱ्यालाही जाणवतो. न घेतलेल्या दुर्बिणीचा हवाला मात्र कोणालाच तपासता येत नाही. म्हणून व्हार्मिंटसाठी सर्वांत उत्तम रेटिकल कोणतं, या प्रश्नाचं पुराव्यानिशी निघणारं उत्तर एकच आहे: जे अजून विकत घेतलेलं नाही ते. ते सर्वांत हलकं, कुठल्याही अंतराला चालणारं आणि आजवर एकदाही न चुकलेलं आहे.